इट्टीरा आशान आणि पाणी प्यालेलं इंजिन

आमच्या वलियकडवला कर्किटक महिन्याचा पाऊस चढायला लागला की लोक नदीकडे नंतर बघायचे, आधी इट्टीरा आशानच्या तोंडाकडे बघायचे. पंपेचं काय, त्या दिवसांत ती रोजच लाल आणि रोजच रागावलेली. तिच्यावरून अंदाज बांधायला गेलं तर माणसानं जेवूच नये. आशानचं, म्हणजे आमच्या उस्तादचं, तसं नव्हतं. गाड्या दुरुस्त करणारा हा उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा माणूस गॅरेजातून बाहेर यायचा, लुंगी गुडघ्यावर दुमडायचा, चर्चच्या पायऱ्या उतरून पाण्याकडे जरा वेळ बघत राहायचा आणि वर येऊन सांगायचा, "नाही येत." झालं. गाव निर्धास्त.

हा अधिकार त्याला गाड्यांमुळे मिळाला नव्हता, आजोबांमुळे मिळाला होता. नदीपासून चर्चच्या अंगणापर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढत येतात. त्यांतल्या जवळजवळ वरच्याच एका पायरीवर छिन्नीनं मारलेली आडवी रेघ आहे. ती नव्व्याण्णवच्या पुराची. मल्याळी सनातलं ते नव्व्याण्णव, म्हणजे नव्वदेक वर्षांमागचं. त्या साली जे पाणी आलं, त्याची गोष्ट सांगायला आता कोणी उरलेलं नाही, पण भीती सगळ्यांच्या पोटात आहे. पाणी ज्या पायरीला टेकून थांबलं, तिथे इट्टीराच्या अप्पच्चननं, म्हणजे आजोबांनी, पाण्यात पाय ठेवून ती रेघ मारली होती. तेव्हापासून ती घराण्याची मालमत्ताच झाली. नवीन घर बांधणारा माणूस जोत्याची उंची विचारायला इट्टीराकडे यायचा. लग्नाचा मांडव कुठे घालायचा, भाताची पोती कुठे ठेवायची, सगळं रेघेवरून ठरायचं. रेघेच्या वर म्हणजे देवाच्या मांडीवर, असा आमचा हिशोब होता.

त्या वर्षी पाऊस थांबेचना. धरणांची दारं उघडणार, असं जीपवरून ओरडत माणसं हिंडू लागली, तेव्हा गावातल्या झाडून साऱ्या गाड्या चर्चच्या अंगणात येऊन लागल्या. कारण आशाननं सांगितलं, अंगणात लावा. अंगण रेघेच्याही वर. मग त्याला आठवली कार्त्यायनी.

कार्त्यायनी राहायची वर, रबराच्या मळ्यात. बाळंतिणींना तेल लावणं, पाल्याचा काढा घातलेल्या कढत पाण्यानं त्यांना न्हाऊ घालणं, बाळाचे हातपाय चोळून सरळ करणं हा तिचा धंदा. आमच्याकडची घरं डोंगरभर विखुरलेली, एकेका टेकाडावर एकेक. नवरा गेल्यावर, गुडघे बोलायला लागल्यावर, या बाईनं साठीला टेकता टेकता गाडी शिकून घेतली आणि एक जुनी पांढरी मारुती विकत घेतली. मागच्या सीटवर पितळी हंडा, पुढे पाल्याचे भारे आणि तेलाच्या बाटल्या. ती गाडी रस्त्यानं गेली की मागे औषधी तेलाचा वास राहायचा आणि लोक म्हणायचे, कोणाकडे तरी बाळ झालं.

आशान भर पावसात चढ चढून तिच्याकडे गेला. वडीलधाऱ्या ख्रिस्ती माणसाला म्हणतात तसं ती त्याला अच्चाया म्हणायची.

"कार्त्यायनी, गाडी खाली आण. रबराचं झाड पडलं तर पापड होईल तिचा."

"खाली आणू?" ती म्हणाली. "अच्चाया, पाणी खाली येतं ना? लोक वर पळतायत."

"पळू देत. अप्पच्चनची रेघ आहे ती. नव्व्याण्णवात जे झालं नाही ते आता होणार आहे का?"

तिनं एकदा डोक्यावरच्या झाडांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि किल्ली घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव चर्चच्या वरच्या सज्जात उभं होतं. पाणी एकेक पायरी चढत होतं, आणि काय शांतपणे चढत होतं! आवाज नाही, लाट नाही. कोणीतरी आतून टाकी भरत असावं तसं. रेघेच्या पायरीपाशी आलं आणि थांबलं. खरंच थांबलं. आशाननं मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं, कोणी दोघांनी हात जोडले. आणि मग ती रेघ दिसेनाशी झाली.

इट्टीराच्या अंगावर काटा आला. भीतीनं नव्हे, भीती नंतर आली. आधी आलं ते नुसतं आश्चर्य. जन्मभर जिच्यावर हात ठेवून तो बोलला, ती रेघ एखाद्या पोरानं पाटीवर काढलेली असावी, तशी पाण्यानं पुसली होती. मग पाणी अंगणात शिरलं. टायर बुडाले, दारं बुडाली, टप राहिले, मग टपही गेले. एका गाडीचा हॉर्न पाण्याखाली आपोआप वाजायला लागला आणि बराच वेळ वाजत राहिला. लोकांनी कानांवर हात दाबले. त्या गाड्यांत शेवटून दुसरी पांढरी होती.

समुद्राकडचे कोळी होड्या घेऊन आले, माणसं सुटली. एकही माणूस गेला नाही, हे देवाचे उपकार. पाणी उतरलं तेव्हा अंगणात गाड्या नव्हत्या, चिखलाची ढेकळं होती, वेडीवाकडी, एकमेकांच्या अंगावर रेललेली.

पहिल्या रविवारी प्रार्थना संपल्यावर अच्चनची, म्हणजे फादरची, परवानगी घेऊन आशान उभा राहिला. चर्चमध्ये चिखलाचा वास, बाकं उन्हात घातलेली, माणसं उभीच.

"किल्लीला हात लावू नका," तो म्हणाला. "कोणीही. इंजिनात पाणी आहे. मी एकेक गाडी उघडतो. सगळ्या उघडतो. मजुरी नको."

"आशान," मागून कोणीतरी विचारलं, "नवी रेघ कुठे मारायची, तेवढं सांगून ठेवा. छिन्नी आणतो."

लोक हसले. इट्टीराही ओशाळून हसला. टोमणे त्याला चालत होते. वलियकडवला टोमणा मारतात म्हणजे माणसाला अजून आपला मानतात. पण हिंदू असून प्रार्थनेनंतर दाराशी येऊन उभी राहिलेली कार्त्यायनी हसली नव्हती. बाकीच्यांच्या गाड्या त्यांनी आपल्या पायांनी तिथे आणल्या होत्या. तिची त्यानं घरी जाऊन आणवली होती. तिनं विचारलं होतं, पाणी खाली येतं ना? पोरालासुद्धा कळेल असा प्रश्न, आणि त्यानं आजोबा काढून दाखवले होते. आपला शब्द गाव पुन्हा मानो न मानो. या एका बाईनं मानला पाहिजे, नाहीतर उरलेलं आयुष्य मान खाली घालून काढावं लागेल, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं.

आणि दोन दिवस गेले नाहीत तोच अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. आशान धावला. कार्त्यायनी स्टिअरिंगवर बसली होती आणि चार दांडगट मागून गाडी ढकलत उताराकडे नेत होते.

"थांबा! अगं, काय करतेस? धक्का मारून चालू करतात का हिला आता?"

"बॅटरी मेलीय," ती समोर बघत म्हणाली.

"म्हणून तर देवाची कृपा! कार्त्यायनी, खाली उतर. आत पाणी आहे. माझं ऐक."

तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलं. "तुमचं ऐकलं म्हणूनच गाडी इथे आहे, अच्चाया. चेरुकुन्नच्या टेकाडावर एक पोरगी शाळेच्या व्हरांड्यात बाळंत झालीय, पुरात. तिच्या अंगाला अजून ऊन पाणी लागलेलं नाही. आता मी तुमचं ऐकत नाही."

गाडी उताराला लागली. वेग आला, तिनं क्लच सोडला. इंजिन एकदा धडधडलं, चक्क पेटलं, पोरं ओरडली, आणि मग आतून कड् असा एकच आवाज आला. मागची चाकं गरगरत राहिली, पुढची जागच्या जागी आवळली, गाडी चिखलात घसरत जाऊन आडवी थांबली. कार्त्यायनी उतरली. मागच्या सीटवरचा पितळी हंडा काढून तिनं डोक्यावर घेतला, पाल्याचा भारा काखेत मारला आणि डोंगर चढायला लागली. गुडघे दुखणारी बाई कशी चढते, ते इट्टीरा वळणापर्यंत बघत राहिला.

गाडी त्यानं लोकांच्या मदतीनं ढकलत गॅरेजात नेली. गॅरेज म्हणजे तरी काय उरलं होतं. पाने, हातोडे, स्क्रू, सगळं चिखलाच्या एका थराखाली. शोशाम्मानं, त्याच्या बायकोनं, परातीत डिझेल घेऊन तीन दिवस नुसती हत्यारं धुतली. धुता धुता तोंडही चालू होतं.

"जन्मभर म्हणालात, माझ्या हत्यारांना हात लावायचा नाही. आता लावू की नको?"

"लाव, बाई."

"आणि त्या कार्त्यायनीची गाडी पहिली का? फादरची सोडून?"

"फादरला स्वर्गात जायचंय, तिथे गाडी लागत नाही," आशान म्हणाला. "हिला चेरुकुन्नला जायचंय."

वाळवण्याची वेगळीच पंचाईत होती. वीज नव्हती, हवा ओली, ऊन उंबऱ्यापर्यंत येऊन परत जाणारं. पाण्यात बुडालेला स्टार्टर, तारांचे जुडगे, डायनामो ओले राहिले तर आतून हिरवे पडतात आणि मग गेलेच. आशाननं मळेवाल्या पीलिप्पोसचं धुराचं घर मागून घेतलं. रबराचे ओले पत्रे टांगून सुकवायची ती बसकी, काळी खोली. खाली नारळाच्या करवंट्यांचा विस्तव, वर बांबूंच्या रांगा. पीलिप्पोसचं रबर तर वाहूनच गेलं होतं. आशाननं त्या बांबूंवर गावातल्या साऱ्या गाड्यांचे अवयव टांगले, प्रत्येकाला मालकाच्या नावाचा फडका बांधून. लोक मुद्दाम बघायला यायचे. मंद धुरात लोंबणारी ती सगळी तांब्यालोखंडाची आतडी, आणि फडक्यांवरून एकेक घर ओळखू येणारं. दार उघडून आत डोकावलेला माणूस आपसूक चपला काढायचा. पीलिप्पोस मात्र म्हणायचा, "माझं रबर पहिल्या प्रतीचं निघायचं. बघू तुझ्या स्टार्टरला काय प्रत मिळते."

इंजिन उघडायच्या दिवशी कार्त्यायनी आली. बोलावलं नव्हतं. गॅरेजाच्या दाराशी उलटा डबा टाकून बसली, मांडीवर पाला घेतला आणि देठ खुडायला लागली. बोलणं नाही. इट्टीरा समजला. ही आता शब्दावर सोडणार नाही, डोळ्यांनी बघणार.

"बस," तो म्हणाला.

"बसलेयच," ती म्हणाली.

त्यानं खालचं बूच काढलं. तेलाऐवजी दुधाळ, चहासारखं काहीतरी भळभळा वाहिलं, आणि वाहतच राहिलं. प्लग काढले, इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उचललं. आत गाळ होता. पण तो नेहमीचा चिखल नव्हता. डोंगरातून, धरणांतून, मळ्यांतून दळत दळत आलेला, बाळाच्या पावडरीइतका मऊ. जिथे केसही जाणार नाही अशा फटीत तो जाऊन बसला होता. इतक्या वर्षांत आशाननं इंजिनं जळलेली पाहिली, फुटलेली पाहिली, उंदरांनी घर केलेली पाहिली. पण नदीनं इतक्या हळुवार हातानं भरून ठेवलेलं इंजिन त्यानं पाहिलं नव्हतं. काही वेळ तो नुसताच वाकून बघत राहिला. बोट लावायला मन होईना.

मग त्यानं मधला पिस्टन बाहेर ओढला आणि त्याच्याबरोबर त्याला धरून ठेवणारा पोलादी दांडा आला. वाकलेला. नजरेला सहज दिसेल इतका.

तो उठला, दांडा डिझेलमध्ये खळखळून पुसला आणि कार्त्यायनीपुढे धरला.

"हे बघ. ते कड् वाजलं ना, ते हे."

तिनं घेतला. वजनानं तिचा हात खाली गेला. "हे लोखंड?"

"घडवलेलं पोलाद. मी हातोड्यानं दिवसभर बडवलं तरी एवढं वाकणार नाही."

"मग कशानं वाकलं?"

"पाण्यानं."

"कसलं पाणी?"

"वाटीभर. पिस्टनच्या डोक्यावर बसलेलं. हवा दाबली की दबते, पाणी नाही दबत. शेजारच्या सिलिंडरनं पेट घेतला, याला वर लोटलं, वर पाणी. त्याला जायला वाट नव्हती. ते हटलं नाही, म्हणून हे हटलं."

कार्त्यायनी दांड्याकडे बघत राहिली. ज्या पाण्यानं ती रोज कोणाचं तरी अंग शेकायची, जे ओंजळीत धरलं तर बोटांतून गळून जातं, त्या पाण्यानं हे केलं होतं. तिचं तोंड उघडंच राहिलं. "देवी!" ती हळूच म्हणाली. "वाटीभर पाण्यानं."

"मलाही अजून खरं वाटत नाही," इट्टीरा म्हणाला, "आणि मी हे पोटासाठी करतो."

दांडा परत देत ती म्हणाली, "चूक माझी झाली ना? धक्का मारला ती."

"ती तुझी. गाडी खाली आणली ती माझी. माझी आधीची आहे."

"हो," ती म्हणाली. "तुमची आधीची आहे." आणि पुन्हा देठ खुडायला लागली. सोडणारी बाई नव्हती ती.

आता दांडा हवा. लोकांनी सांगितलं, कशाला डोकं फोडता, भंगारातून दुसरं इंजिन आणा आणि बसवा. आशान गेलाही दोन-तीन ठिकाणी. भंगारवाल्यांकडे इंजिनांचे डोंगर लागले होते, आणि झाडून सगळी पाणी प्यालेली. कोणाला कितीदा धक्के मारले असतील कोण जाणे. तो रिकाम्या हातानं परत आला, गॅरेजामागे गेला आणि आपल्या स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडलं. तीही मारुतीच, त्याच वयाची. तीही बुडालेली, पण तिला कोणी हात लावला नव्हता. आशान स्वतःचा शब्द निदान स्वतःपुरता पाळत होता.

"अहो, आपली?" शोशाम्मा दाराशी आली. "मग आपण चर्चला कसं जायचं?"

"चर्च समोर आहे, शोशाम्मा."

"माझ्या माहेरी?"

"तिथे तुझी भावजय आहे. ती खूशच होईल."

शोशाम्मानं कपाळावर हात मारला, आणि मग स्वतःच पाना आणून दिला.

आपल्या इंजिनातला मधला दांडा काढून, पुसून त्यानं बाकावर ठेवला. शेजारी कार्त्यायनीच्या इंजिनाचे उरलेले दोन, जे त्याच्या मते ठीक होते. त्यानं ते डोळ्यांपुढे धरून पाहिले होते, उन्हाकडे करून पाहिले होते. सरळ होते. आता जोडायचं.

"मी बघू?" कार्त्यायनी म्हणाली.

"बघ की. त्यात काय."

तिनं कमरेची बाटली काढली. खोबरेल अंगठ्याला लावलं, डोळे मिटले आणि पहिला दांडा हातात घेऊन अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. घाई नाही. मग उलटा करून पुन्हा. तो बाजूला ठेवला. दुसरा घेतला. अंगठा निम्म्यावर गेला, थांबला, मागे आला, पुन्हा तिथेच थांबला.

"हा वाकलाय."

"छे! कुठे?"

"इथे. डावीकडे. बाळाची नडगी पोटात दुमडून राहिली की अशी लागते."

"कार्त्यायनी, मी सूर्याला धरून पाहिलाय तो."

"सूर्यानं सांगितलं असेल. अंगठा तसं म्हणत नाही."

इट्टीरा रागावला, खोटं कशाला बोला. जन्म गेला या धंद्यात. पण त्यानं दांडा घेतला, दोन्ही टोकांच्या भोकांतून सरळ सळ्या घातल्या आणि त्या एकमेकींना समांतर आहेत का ते मोजायला घेतलं. सळ्यांमध्ये मापाची पट्टी धरली, तर एका बाजूच्या फटीत कागद सहज सरकला. दुसऱ्या बाजूला तोच कागद अडला. त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा अडला. केसाएवढा, पण वाकला होता. असाच जोडला असता तर गाडी चालू झाली असती, त्याची वाहवा झाली असती, आणि कुठल्या तरी टेकाडाच्या चढावर, कोणाच्या तरी बाळंतिणीकडे जाताना, आतल्या आत ठोके देत देत एक दिवस पार फुटली असती. दुसऱ्यांदा त्याच्याच शब्दावर विसंबून.

तो खाली बसला. त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. आखूड, जाड, तेलानं काळपटलेला अंगठा; नखाला पाल्याचा हिरवा डाग. गावातली निम्मी माणसं या अंगठ्याखालून गेली होती. स्वतःच्या धाकट्या मुलीला याच अंगठ्यानं चोळताना त्यानं पाहिलं होतं, बघून न बघितल्यासारखं, बायकांचं काम म्हणून. आणि त्या अंगठ्यात हे होतं! आशानला काय वाटलं ते सांगायचं तर, पुराचं पाणी रेघ ओलांडून वर आलं तेव्हा जे वाटलं होतं, ते पुन्हा वाटलं. फक्त या वेळी भीती मागोमाग आली नाही.

"तुझ्या अंगठ्यापुढे हात टेकले, बाई," तो म्हणाला.

"आधी हात चालवा," ती म्हणाली. "टेका मग."

त्यानं आपल्या गाडीचा आणखी एक दांडा काढला. हा तिच्यापुढे ठेवला, आणि तिनं अंगठा फिरवून मान हलवेपर्यंत हात लावला नाही. पुढे तर प्रत्येक गोष्टीचं तसंच झालं. पिस्टनच्या कडा, सिलिंडरची भिंत, वाल्वचे दांडे. तो मोजायचा, ती चाचपायची, मग जोडायचं. एकदा मोजणं आणि चाचपणं जुळलं नाही, तर तिचं चुकलेलं निघालं आणि आशानला इतका आनंद झाला की त्यानं शोशाम्माला हाक मारून चहा टाकायला सांगितला. रिंगा आणि गॅसकेटं रान्नी गावच्या दुकानातून आली. धुराच्या घरातून कार्त्यायनीच्या नावाचा फडका बांधलेला स्टार्टर आला, खारवलेल्या माशासारखा वास मारणारा. ओणम आला आणि फुलांशिवाय गेला.

गाडी चालू करायची त्या दिवशी गॅरेजापुढे गर्दी झाली. या गाडीवर बाकीच्यांची आशा होती. हिचं इंजिन सर्वांत वाईट. हे उठलं तर सगळी उठतील. आशाननं किल्ली कार्त्यायनीच्या हातात दिली.

"आता फिरवू?" तिनं विचारलं. आवाजात खोच होती.

"आता फिरव."

पहिल्यांदा नुसतं कण्हलं. दुसऱ्यांदा खोकलं, मागून पांढरा धूर आणि गढूळ पाण्याची एक चूळ टाकली. तिसऱ्यांदा धरलं. इट्टीरानं लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली. आत तिन्ही पिस्टन एका लयीत चालले होते, त्यांतले दोन त्याच्या दांड्यांवर. तो ऐकतच राहिला. नदी जिथे बसली होती तिथे आता जाळ होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पीलिप्पोस म्हणाला, "पहिली प्रत!" आशाननं मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरले होते, आणि त्यानं ते पुसले नाहीत.

कार्त्यायनी मात्र "येते" एवढंच म्हणाली आणि हंडा घेऊन चेरुकुन्नला गेली. बरं झालं म्हणाली नाही, माफ केलं म्हणाली नाही.

एकेक करून बाकीच्याही गाड्या उठल्या. दोन नाही उठल्या, त्यांच्या मालकांनी समजून घेतलं. पण आशानला नदीबद्दल आता कोणी काही विचारेना. तोही पायऱ्या उतरेना. दांडे गेलेली त्याची स्वतःची गाडी गॅरेजामागे दगडांवर उभी राहिली.

मग तुलाम महिना लागला. दुपारचे ढग येऊन गडगडायला लागले, आणि एका दुपारी ती जीप पुन्हा ओरडत आली. धरणाची दारं उघडणार, काठच्यांनी सावध राहा. जो तो गाडी काढून सुटला. कोणी शाळेकडे, कोणी मळ्याकडे, कोणी नुसतंच वर. आशान गॅरेजाच्या दारात उभा राहून बघत होता. एकाही गाडीनं त्याच्यापुढे वेग कमी केला नाही. बरोबरच होतं त्यांचं. त्यानं मनाची समजूत घातली, पण समजूत बसेना.

पांढरी मारुती आली, पुढे गेली, थांबली, आणि मागे आली. कार्त्यायनीनं काच खाली केली. पावसाचे थेंब तिच्या तोंडावर उडत होते.

"अच्चाया, गाडी कुठे लावू?"

आशानला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यानं नदीकडे पाहिलं. डोंगराकडे पाहिलं, जिथे मागच्या खेपेला मळ्याचा एक तुकडा खाली आला होता. अंगणाकडे बघायचं धाडस झालं नाही. हिनं विचारलं होतं. साऱ्या गावात हिनं. काहीतरी ठाम सांगावं, असं त्याच्या जिभेवर अगदी आलं.

"मला माहीत नाही, कार्त्यायनी," तो म्हणाला.

इंजिन सावकाश, एकसारखं चाललं होतं.

"हं," ती म्हणाली. "मागच्या खेपेला अगदी पक्कं माहीत होतं तुम्हाला."

मग तिनं हात लांबवून पलीकडचं दार उघडलं, सीटवरचा पाला मागे टाकला.

"बसा. दोघं वर जाऊन बघू. आणि शोशाम्माला हाक मारा, तिला काय पोहता येतंय?"